रूळ मागवण्याआधी एक्सट्रॅककॅडमध्ये गाडी चालवून बघा

मॉडेल रेल्वेचे एन स्केलमधले (खऱ्याच्या १:१६० मापाचे) रूळ आपल्याकडे बहुतेक बाहेरूनच मागवावे लागतात आणि एकेक सांधा (गाडीची वाट बदलणारा तुकडा) महाग पडतो. म्हणून मी रुळांची आखणी आधी संगणकावर, एक्सट्रॅककॅडमध्ये करते. सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं.

माझा विषय बोरघाट. १८६३ साली सुरू झालेल्या त्या मार्गावर खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी चढून आत यायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा घाट चढायची. चढ ३७ला १, म्हणजे ३७ पुढे गेलं की १ वर. एक्सट्रॅककॅडमध्ये रुळाच्या दोन टोकांना उंची दिली की मधला चढ आपोआप निघतो. एका रुळावरून दुसरा न्यायला मला ५० मिमी उंची हवी, म्हणजे १८५० मिमी लांबी. सहा फुटी बोर्डात सरळ ती बसतच नाही, वळण घ्यावंच लागतं. घाटात रूळ इतके का वळतात, ते हा हिशोब मांडला की पटतं!

पण जीव रमतो तो आखलेल्या रुळांवर गाडी चालवायच्या 'रन ट्रेन्स'मध्ये. इंजिन ठेवायचं, डबे जोडायचे, सांध्यावर क्लिक करून वाट बदलायची. वेग जास्त ठेवून जोडायला गेलात तर गाडी घसरते. आखताना माझी लूप लाइन (मुख्य रुळाला दोन्हीकडे जोडलेला बाजूचा रूळ) ऐसपैस दिसत होती. चार डबे आत घेतले तर शेवटचा सांध्यावरच उभा, इंजिनाला फिरायला वाटच नाही. दोन्ही रुळांत काटो कंपनीचा २४८ मिमीचा एकेक सरळ तुकडा वाढवला. मग इंजिन सुटलं, वळसा घालून मागे आलं, अलगद जोडलं गेलं. शंटिंगची (डबे जोडण्या-सोडण्याची) आवड असेल त्याला एवढ्यासाठीसुद्धा हे घ्यावंसं वाटेल.

दिसतं मात्र सगळं वरूनच: डोंगर नाहीत, आवाज नाही, डबे म्हणजे रंगीत चौकोन. मेनू जुन्या वळणाचे आहेत; हेल्पमधले डेमो आधी बघा आणि तुम्ही ज्या कंपनीचे रूळ वापरता त्यांच्या तुकड्यांची पॅरामीटर फाइल लोड करा. एनीरेल हे असंच दुसरं सॉफ्टवेअर शिकायला सोपं, पण त्याची फुकट आवृत्ती ५० तुकड्यांवर थांबते. घाटाला तेवढे पुरत नाहीत.

आखणी मनासारखी झाली की १:१ मापात प्रिंट काढा, पानं जोडून प्लायवर चिकटवा. सांध्यांच्या मोटरसाठी भोकं कुठे पाडायची, ते त्यावरच खूण करता येतं.