पहिल्या ‘फ्री’ सर्व्हिसला साडेपाच हजारांचं बिल: नवी गाडी घेतलेल्यांनी वाचा

नव्या गाडीच्या पहिल्या सर्व्हिसची मजुरी कंपनी घेत नाही. तरी आमच्या आप्पांच्या हातात साडेपाच हजारांच्या वरचं बिल पडलं, आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्या रकमेचं काम झालेलंच नव्हतं. यावल-रावेर भागात, जळगाव-भुसावळात यंदा ज्यांच्या घरी पहिली चारचाकी आली असेल, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

गाडी पाडव्याला घेतली. पेट्रोलची, लहान इंजिनाची. महिनाभरात १,००० किलोमीटर होत आले म्हणून आप्पा ती जळगावला सर्व्हिसला घेऊन गेले. तिथल्या सर्व्हिस ॲडव्हायझरने त्यांना एसीत बसवलं, चहा दिला आणि म्हणाला, “काका, आपल्याकडे ४५ डिग्री ऊन, त्यात मळ्याच्या रस्त्याची धूळ. कारखान्यातून आलेलं तेल इथे टिकत नाही. आत्ताच बदलून घ्या, नाहीतर पुढे इंजिनाला काही झालं तर वॉरंटी मिळायची नाही.”

आप्पांना ते पटलं, आणि पटण्यासारखंच होतं. त्यांचं सगळं आयुष्य मोटारसायकल आणि ट्रॅक्टरवर गेलं. मोटारसायकलच्या पहिल्या सर्व्हिसला तेल बदलतात. बऱ्याच नव्या ट्रॅक्टरांचंही पहिल्या ५० तासांनंतर बदलतात. मग गाडीचंही बदलत असणार, असं कोणत्याही शेतकऱ्याला वाटेल. समोरच्या माणसाला हे ठाऊक होतं, आणि त्याचाच त्याने फायदा घेतला. मला सगळ्यात जास्त राग याचा आहे.

आखाजीला मी माहेरी आले तेव्हा बिल पाहिलं. इंजिन ऑइल साडेचार लिटर, ऑइल फिल्टर, इंजिन फ्लश, थ्रॉटल क्लीनर, एसीचा फवारा. गाडीसोबत आलेलं मालकाचं पुस्तक अजून प्लास्टिकच्या पिशवीतच होतं. ते उघडलं. या इंजिनात फिल्टरसकट तेल बसतं सव्वातीन लिटरच्या आसपास. मग साडेचार लिटर गेलं कुठे? पुढे सर्व्हिसचा तक्ता होता. पहिल्या सर्व्हिसला फक्त तपासणी: ब्रेक, टायरची हवा, नटबोल्ट, कूलंट आणि ब्रेक ऑइलची पातळी. तेल आणि फिल्टर बदलायचा तो १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल तेव्हा. धुळीच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाड्यांसाठी वेगळा तक्ता आहे, तोही वाचला. त्यात मुदत कमी होते हे खरं, पण तीही १,००० किलोमीटरवर येत नाही.

मग फैजपूरच्या एका जुन्या मेकॅनिकला गाडी दाखवली. त्यांनी आधी डिपस्टिक, म्हणजे इंजिनातलं तेल मोजायची पट्टी, काढून कपड्यावर पुसली. नवं तेल मधासारखं स्वच्छ दिसायला हवं होतं, हे तपकिरी झालेलं होतं. पण रंगावरून ते काही बोलले नाहीत. गाडी वर घेतली आणि मला खाली बोलावलं. तेल सोडायच्या बोल्टवर कारखान्यात मारलेली रंगाची खूण जशीच्या तशी होती, बोल्ट आणि खालचं चेंबर यांच्यावरून अखंड गेलेली. बोल्ट फिरवला असता तर ती तुटली असती. फिल्टरवर महिनाभराची धूळ बसलेली. ते म्हणाले, “ताई, हाई तेल बदलेलच नही शे.” आम्ही तिथेच त्याचे फोटो काढले, मीटरवरच्या किलोमीटरसकट.

सर्व्हिस सेंटरवर आधी उत्तर मिळालं, “सिस्टीममध्ये चुकून पडलं असेल.” मग “काकांनीच सांगितलं होतं.” जॉब कार्डाची, म्हणजे गाडी सोडताना करायची कामं लिहून ज्यावर सही घेतात त्या कागदाची, प्रत मागितली तर त्यात तेलाचा उल्लेखच नव्हता. आप्पांची सही होती ती तपासणीच्या कामावर, बाकीच्या ओळी नंतर घातलेल्या. फोटो, बिल आणि जॉब कार्ड जोडून कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल केला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवरही तक्रार नोंदवली. त्यानंतर तेल आणि फिल्टरचे पैसे परत आले. फ्लश आणि क्लीनरचे अजून आलेले नाहीत. ते दिले नाहीत तर जिल्हा ग्राहक आयोगात जायचं आम्ही ठरवलंय.

वॉरंटीचं नीट समजून घ्या, कारण भीती तिचीच घालतात. तक्त्यातली सर्व्हिस चुकवली तर कंपनी वॉरंटीचा दावा नाकारू शकते. तक्त्यात नसलेलं जादा काम नको म्हटलं, म्हणून नाही. “हे कोणत्या पानावर लिहिलंय?” एवढंच विचारा आणि पुस्तक पुढे करा. मुदती कंपनीगणिक आणि इंजिनागणिक बदलतात, डिझेलच्या वेगळ्या असू शकतात, म्हणून माझा आकडा धरू नका, तुमच्याच पुस्तकातला धरा. मजुरी फुकट असली तरी तेल-फिल्टर खरोखर बदलायची वेळ येईल तेव्हा त्याचे पैसे द्यावेच लागतात, त्यात फसवणूक नाही. आणि ज्यांची गाडी लग्नकार्यापुरतीच निघते त्यांनी किलोमीटर पुरे व्हायची वाट बघू नये. वर्ष झालं की तेल बदलायचं.

जॉब कार्डावर सही करण्याआधी कामांची यादी आणि अंदाजे खर्च लिहून घ्या, त्याचा मोबाइलवर फोटो काढा. तेल बदलणार असतील तर जुना फिल्टर परत मागा. गावात मी हे सांगितल्यावर आमच्या गल्लीतल्या आणखी एका घरी बिल निघालं, त्याच सेंटरचं, त्याच साडेचार लिटरचं. त्यांच्या गाडीचा बोल्ट उद्या बघणार आहोत. तुमच्याकडेही पहिल्या सर्व्हिसचं बिल असेल तर त्यातले लिटर पुस्तकाशी ताडून बघा, आणि जुळत नसतील तर पुढची सर्व्हिस करायच्या आधी फोटो काढून ठेवा. एकदा बोल्ट खरंच उघडला की पुरावा गेला.