पिकोसीटीएफ : सायबर सुरक्षेचा पाया पक्का करणारा सराव

सायबर सुरक्षा शिकण्यासाठी महागड्या अभ्यासक्रमाचे शुल्क भरण्याआधी विद्यार्थ्यांनी काही आठवडे पिकोसीटीएफ या सरावाच्या संकेतस्थळावर घालवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाने २०१३ मध्ये शालेय विद्यार्थ्यांची स्पर्धा म्हणून सुरू केलेला हा उपक्रम मोफत आहे आणि मागील स्पर्धांमधील आव्हाने त्याच्या पिकोजिम या विभागात वर्षभर सोडवता येतात. लिनक्सचे टर्मिनल (आज्ञा टाइप करून संगणक चालवण्याची खिडकी) ब्राउझरमध्येच मिळत असल्याने साधा लॅपटॉपही पुरतो.

प्रत्येक आव्हानात ठरावीक नमुन्याचा एक फ्लॅग, म्हणजे शोधून काढायचा गुप्त मजकूर, दडवलेला असतो. ‘इन्स्पेक्टर’ या सुरुवातीच्या आव्हानात त्याचे तीन तुकडे करून ते एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट फायलींमधील कॉमेंट्समध्ये (पानावर न दिसणाऱ्या टिपांमध्ये) ठेवले आहेत. पानाचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, उघडताच पहिला तुकडा सापडतो. उरलेल्या दोन तुकड्यांसाठी मात्र ते पान आणखी कोणत्या फायली मागवते हे पाहावे लागते आणि ब्राउझरपर्यंत पोहोचलेली कोणतीही गोष्ट वापरकर्त्यापासून लपवता येत नाही, हे कोणी न सांगताही मनावर ठसते. शिकवण्याची ही पद्धत मला अतिशय मोलाची वाटते.

बायनरी एक्स्प्लॉइटेशन, म्हणजे तयार प्रोग्रॅममधील त्रुटींचा फायदा घेण्याच्या, विभागात मात्र काठिण्य झपाट्याने वाढते. सी भाषेतील ‘गेट्स’ हे फंक्शन आलेल्या मजकुराची लांबी तपासत नाही, त्यामुळे जादा मजकूर स्टॅक या मेमरीच्या भागातील रिटर्न ॲड्रेसपर्यंत (फंक्शन संपल्यावर प्रोग्रॅमने कुठे परतायचे तो पत्ता) पोहोचून तो बदलून टाकू शकतो, ही गोष्ट कागदावर आकृती काढून समजून घेतल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. अशा वेळी तयार राइटअप, म्हणजे इतरांनी लिहिलेली उकल, वाचण्याचा मोह आवरावा. आव्हान सुटल्यावर मात्र इतरांचे राइटअप अवश्य वाचावेत, कारण आपल्याला न सुचलेल्या वाटा तिथेच कळतात.

सर्व्हरचे लॉग (कामकाजाच्या नोंदी) तपासणे, सापडलेली त्रुटी दुरुस्त करणे किंवा तिचा अहवाल लिहिणे यांचा पुरेसा सराव इथे होत नाही. नोकरीसाठी तो वेगळा करावा लागेल. शिवाय हीच तंत्रे परवानगीविना दुसऱ्याच्या संगणकावर वापरल्यास माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली कारवाई होऊ शकते, हे शिक्षकांनी पहिल्याच दिवशी सांगावे.

ज्यांनी कमांड लाइन कधीच वापरलेली नाही, त्यांनी आधी ओव्हरदवायर या संकेतस्थळावरचा ‘बँडिट’ हा मोफत खेळ खेळावा. नुसते ‘-’ एवढेच नाव असलेली फाइल ‘कॅट’ या फाइल दाखवणाऱ्या आज्ञेने कशी वाचायची, अशा प्रश्नांपासून तो सुरू होतो आणि तिथे झालेली तयारी पिकोसीटीएफवर लगेच उपयोगी पडते.