नवी केबल 200 तास वाजवायची की नाही?

नव्या स्पीकर केबलबरोबर दुकानातून एक सल्ला हमखास मिळतो: "लगेच मत बनवू नका, 200 तास वाजू द्या, मग खुलेल." रोज दोन तास गाणं ऐकणाऱ्याला 200 तास भरायला 100 दिवस लागतात. तोवर माल परत करायची मुदत बहुतेक ठिकाणी उलटून गेलेली असते. म्हणून बर्न-इन, म्हणजे तासन्‌तास वाजवल्यावर केबलचा आवाज सुधारतो ही समजूत, मानायचं की नाही, हे पैसे मोजण्याआधीच ठरवलेलं बरं. मी न मानणाऱ्यांपैकी आहे. पण मानणाऱ्या मित्रांबरोबर वर्षानुवर्षं बसून गाणं ऐकलंय, आणि त्यांना फरक जाणवतो याबद्दल मला शंका नाही. तो फरक केबलमधून येतो का, एवढाच वाद आहे.

मानणाऱ्यांचं म्हणणं असं. तांब्याभोवतीचं प्लॅस्टिकचं किंवा टेफ्लॉनचं आवरण विजेचा थोडा भार धरून ठेवतं आणि सावकाश सोडतं. संगीत बरेच तास वाहिलं की हे आवरण 'बसतं', मग वरचे सूर मोकळे होतात आणि खर्ज घट्ट होतो. या समजुतीवर मोठ्या कंपन्यांनी वस्तू उभ्या केल्या आहेत. ऑडिओक्वेस्टच्या काही केबलना 72 व्होल्टची बॅटरी जोडलेली असते, आवरणावर विजेचा सतत दाब राहावा म्हणून. नॉर्डोस्टचं 'विदार' नावाचं यंत्र आहे, विक्रेते त्यावर केबल लावून तिचं बर्न-इन करून देतात. आवरण भार धरतं ही गोष्ट खरी आहे, कपॅसिटरमध्ये, म्हणजे विजेचा भार साठवणाऱ्या सुट्या भागात, ती मोजताही येते. त्यामुळे हा सगळा प्रकार थापा म्हणून उडवून लावणं मला पटत नाही.

घोडं अडतं ते प्रमाणापाशी. अडीच एमएमची (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर छेदाची) तीन मीटर स्पीकर केबल घ्या. जाऊन-येऊन सहा मीटर तांबं, त्याचा रोध साधारण 0.04 ओहम. समोर 8 ओहमचा स्पीकर. म्हणजे केबलचा वाटा अर्धा टक्का, आवाजातली घट 0.05 डेसिबलहूनही कमी. आता हे बघा: तांब्याचा रोध दर अंशाला 0.39 टक्के वाढतो. पुण्यातल्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत जानेवारीची पहाट आणि एप्रिलची दुपार यांत 15 अंशांचा फरक सहज पडतो. त्या हिशोबाने केबलचा रोध जवळजवळ सहा टक्के बदलतो, आणि हा बदल मीटरवर दाखवता येतो. तरी "उन्हाळ्यात माझी केबल मिटते" असं म्हणणारा मला अजून भेटलेला नाही. आवरणाचं म्हणाल, तर संगीताचा प्रवाह सेकंदाला शेकडो-हजारो वेळा दिशा बदलतो. एका बाजूला भार साठून राहील असं त्यात काही नाही. शिवाय ॲम्प्लिफायरचा स्वतःचा रोध इतका कमी असतो, की तीन मीटरच्या आवरणातल्या भाराचा त्यावर काही जोर चालत नाही.

आणखी एक गोष्ट मला खटकते. बर्न-इननंतर केबल बिघडली, कर्कश झाली, असं कुणीच सांगत नाही. तास भरले की सुधारणाच होते. तांबं किंवा टेफ्लॉन खरंच बदलत असतं, तर निदान काही केबलचा आवाज वाईट व्हायला हवा होता.

मग फरक येतो कुठून? माझ्या मते मोठा वाटा कानाचा आहे. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पहिल्या बैठकीत तंबोरा नुसता गुणगुणत असतो; वर्षभर ऐकल्यावर त्याच जवारीतून गंधार डोकावतो. आपण म्हणतो, कान तयार झाला. तंबोरा तोच असतो. नव्या केबलबरोबर आपण तीन महिने रोज लक्ष देऊन ऐकतो, ओळखीच्या रेकॉर्डिंगमधले नवे बारकावे सापडतात आणि त्याचं श्रेय केबलला जातं.

उरलेला वाटा यांत्रिक आहे. केबल बदलताना जुना, काळवंडलेला बनाना प्लग निघतो आणि सॉकेट घासून साफ होतं. वाकून जोडणी करताना स्पीकर दोन इंच सरकतो. या दोन इंचांचं महत्त्व कमी लेखू नका. बंद खोलीत डोकं थोडं पुढेमागे केलं तरी काही सुरांची पातळी कित्येक डेसिबलनी बदलते, आणि वर केबलचा हिशोब केला तो शतांश डेसिबलमध्ये. स्पीकर नवीन असेल तर त्याच्या हलणाऱ्या शंकूची (कोनची) रबरी कडा आणि आतली कापडी जाळी सुरुवातीला खरोखर सैल होते, हे मोजता येतं. स्पीकर आणि केबल एकाच दिवशी घरी आली, तर स्पीकरचं काम केबलच्या नावावर जमा होतं.

"मग तू ऐकून बघितलंस का?" हा मित्रांचा प्रश्न रास्त होता. म्हणून बघितलं. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून एकाच भेंडोळ्यातून अडीच एमएमच्या दोन सारख्या जोड्या कापून आणल्या. एक जोडी लावली आणि तीन महिने रोज वाजवली. दुसरी वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवली. मग एका रविवारी भाच्याला बसवलं. तो नाणं उडवायचा, मी बाहेर हॉलमध्ये; ॲम्प बंद करून केबल लावायचा, जोडणी चादरीने झाकायचा आणि आत बोलवायचा, "मामा, लावली." एवढंच बोलायचं ठरलं होतं. निघून जायचा दुसऱ्या दाराने, कारण त्याच्या चेहऱ्यावरून मी ओळखलं असतं. नुसत्या तंबोऱ्याचं दीड मिनिटाचं रेकॉर्डिंग, मग विलंबित ख्यालातली एक सम. मी वहीत 'जुनी' किंवा 'नवी' लिहायचं. चौथ्या वेळी मी छातीठोकपणे 'जुनी' लिहिलं. खर्जाची तार इतकी भरीव वाटली होती. ती माळ्यावरची निघाली. 16 पैकी 9 बरोबर आले. नुसते अंदाज ठोकून 12 किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांच्या आत असते, म्हणून मी 12 ही रेघ आधीच ठरवली होती.

मानणारे म्हणतील, केबल बदलायला मिनिटभर जातं, तेवढ्यात आवाजाची आठवण पुसट होते. बरोबर आहे. पण मग तीन महिन्यांपूर्वीच्या आवाजाशी आजच्या आवाजाची तुलना कशी करायची? माझ्या चाचणीतलं अंतर त्यापेक्षा हजारो पटींनी कमी होतं.

2007 साली जेम्स रँडी या जादूगाराने, जो असे दावे तपासायचा, महागड्या पेअर अंजू केबलचा फरक नुसत्या कानाने ओळखून दाखवणाऱ्याला दहा लाख डॉलरचं आव्हान दिलं होतं. न मानणारे तो दाखला फार वापरतात. ती चाचणी झालीच नाही, त्यामुळे मी तो कुणाच्याच खात्यात धरत नाही.

केबलने फरक पडतच नाही असं मात्र समजू नका. दहा मीटर लांब, केसासारखी बारीक तार चार ओहमच्या स्पीकरला लावली तर फरक ऐकू येईल. टर्नटेबलवर (रेकॉर्ड प्लेअरवर) मूव्हिंग मॅग्नेट जातीचं कार्ट्रिज, म्हणजे सुईचा भाग, असेल तर केबलची कपॅसिटन्स (भार साठवण्याची क्षमता) वरच्या सुरांवर परिणाम करते, तिथे आकडा बघूनच घ्या. हे परिणाम पहिल्या मिनिटापासून असतात आणि 200 तासांनंतरही तेवढेच राहतात.

तेव्हा ठरवायचं कसं? साधी तांब्याची अडीच एमएमची केबल घेणार असाल तर लावा आणि ऐकायला लागा, थांबायचं काही कारण नाही. देखणी, भक्कम प्लगची महाग केबल हवी असेल आणि परवडत असेल तर तीही आनंदाने घ्या, पण पहिल्या आठवड्यात जे ऐकू येईल त्यावरच ठेवायची की परत करायची ते ठरवा. यंत्रावर बर्न-इन करून देण्याचे वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. ते पैसे जाड पडद्यांना, सतरंजीला किंवा चांगल्या स्पीकर स्टँडला लावा. आणि दुकानदार 200 तासांचा आग्रह धरत असेल तर त्याला विचारा: परत घ्यायची मुदत 120 दिवसांची कराल का? तसं बिलावर लिहून द्याल का?