२५ डिसेंबरला पायी भटकायचंय: लंडन की पॅरिस?

नाताळच्या सुटीत युरोपला जाताना विमान, व्हिसा, हॉटेल सगळं काही महिने आधीच ठरतं. २५ डिसेंबर नेमका कोणत्या शहरात येतोय, याकडे मात्र सहसा कोणी बघत नाही. या एका दिवशी लंडन आणि पॅरिसमध्ये फार मोठा फरक पडतो. मोठी संग्रहालयं दोन्हीकडे बंद, बहुतेक दुकानं बंद, थंडीही साधारण सारखीच. पण पॅरिसमध्ये पाय दुखायला लागले की मेट्रोत बसता येतं. लंडनमध्ये जितकं चालत गेलात, तितकंच चालत परत यावं लागतं.

लंडन

२५ तारखेला ट्यूब (भुयारी रेल्वे), बस, ट्राम, ओव्हरग्राउंड आणि एलिझाबेथ लाइन या शहरातल्या रेल्वे यांपैकी काहीच धावत नाही. लांब पल्ल्याच्या रेल्वेगाड्या बंद, टेम्सवरच्या प्रवासी बोटीही बंद. रस्त्यावर उरतात त्या सणाचा जादा आकार लावणाऱ्या टॅक्सी आणि भाड्याच्या सायकली. त्यामुळे सगळा दिवस मुक्कामाच्या जागेवर अवलंबून राहतो. वेम्बली, हॅरो, हाउन्स्लो भागात नातेवाइकांकडे उतरणाऱ्यांची इथेच फसगत होते. वेम्बलीहून मार्बल आर्च ११-१२ किलोमीटरवर आहे. तिथवर चालत पोहोचेपर्यंतच दमायला होईल. २४ आणि २५ या दोन रात्रींपुरती पॅडिंग्टन, मार्बल आर्च किंवा वॉटर्लूजवळ खोली घेता आली, तर लंडनचा विचार करा. नाहीतर सोडून द्या. २५ लाच हीथ्रोला उतरणारं विमानही टाळा. विमानतळावरून शहरात यायला टॅक्सी किंवा मोजक्या लांब पल्ल्याच्या बसगाड्या एवढेच पर्याय असतात.

मुक्काम मध्यवर्ती असेल, तर मात्र हे शहर एरवी कधी दिसत नाही असं बघायला मिळतं. रिकाम्या वेस्टमिन्स्टर ब्रिजवर मधोमध उभं राहून नदीकडे शांतपणे बघता येणं ही साधी गोष्ट नाही.

वाट वर्तुळाकार आखा, म्हणजे शेवट खोलीजवळ होईल. सूर्य साधारण ८.०५ ला उगवतो आणि ३.५५ ला मावळतो, म्हणून साडेआठला निघा. मार्बल आर्चपासून हाइड पार्कमध्ये शिरून सर्पेंटाइन तळ्याच्या दक्षिण काठावर नऊपर्यंत पोहोचा. १८६४ पासून चालत आलेली पोहण्याची शर्यत नाताळच्या सकाळी तिथे होते. अंतर फक्त १०० यार्ड, पण गारठलेल्या पाण्यात. पोहणारे तिथल्या पोहण्याच्या क्लबचे सभासद असतात, काठावरून बघायला कुणालाही मज्जाव नाही. मग हाइड पार्क कॉर्नर, बकिंगहॅम पॅलेस, सेंट जेम्सेस पार्क, वेस्टमिन्स्टर ॲबी. पूल ओलांडून साउथ बँकने, म्हणजे नदीच्या दक्षिण काठाने, चालत मिलेनियम ब्रिज, पलीकडे सेंट पॉल्स कॅथीड्रल. परतताना फ्लीट स्ट्रीट आणि स्ट्रँडने ट्रफाल्गर स्क्वेअर, जिथे ऑस्लो शहर १९४७ पासून दरवर्षी भेट पाठवत आलेलं नाताळचं झाड उभं असतं. तिथून रीजंट स्ट्रीटने पुन्हा मार्बल आर्च. एकूण सुमारे १३ किलोमीटर. थांबत-थांबत सहा तास धरा. गुडघ्यांचा त्रास असेल तर ॲबीवरूनच मागे फिरा. एकदा साउथ बँक धरली की परतीचा रस्ता लांबतो. ॲबी आणि सेंट पॉल्स या दिवशी पर्यटकांसाठी बंद असतात, पण प्रार्थनेला येणाऱ्यांना तिकीट लागत नाही. वेळा त्यांच्या संकेतस्थळांवर बघून घ्या आणि गायनवृंदासह होणारी प्रार्थना निवडा.

अडचण येते ती खाण्याची आणि स्वच्छतागृहांची. २००४ च्या कायद्यानुसार इंग्लंड आणि वेल्समध्ये २८० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना नाताळच्या दिवशी उघडता येत नाही, म्हणजे सुपरमार्केट नाहीत. २४ ला संध्याकाळच्या आत खरेदी उरका. गरम जेवण हवं असेल तर मार्बल आर्चजवळच्या एजवेअर रोडवरची अरबी हॉटेलं किंवा चायनाटाउन ही भरवशाची ठिकाणं. इतर हॉटेलांत बहुधा आधी नोंदवलेलं, ठरावीक आणि महागडं नाताळचं जेवणच मिळतं. स्वच्छतागृहाचं असं, की एरवी आपण संग्रहालयात, स्टेशनात किंवा मॉलमध्ये जातो आणि या दिवशी ती तिन्ही बंद असतात. मोठ्या हॉटेलातल्या कॅफेत चहा घ्यायचा आणि तिथलंच वापरायचं, हा खर्च आधीच धरून ठेवा.

पॅरिस

इथे मेट्रो, आरईआर (उपनगरी रेल्वे) आणि बस रविवारच्या वेळापत्रकाने चालतात. गाड्या कमी, पण असतात. त्यामुळे वाट एकाच दिशेने आखता येते: नोत्र दाम कॅथीड्रल, पाँ नफ पूल, लूव्र संग्रहालयाचं प्रांगण, त्युइलरी बाग, काँकॉर्ड चौक, पाँ अलेक्सांद्र त्र्वा पूल आणि सेन नदीच्या काठाने ईफेल टॉवर. जेमतेम पाच किलोमीटर. कुठेही थांबावंसं वाटलं तर जवळचं स्टेशन गाठायचं.

आणि इथे आत जाण्यासारखंही काही उघडं असतं. ईफेल टॉवर २५ डिसेंबरलाही सुरू असतो (तिकीट बरंच आधी काढा). आगीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलेलं नोत्र दाम आणि माँमार्त्रच्या टेकडीवरचं साक्रे कर चर्च या दोन्हींत प्रवेश मोफत आहे, मात्र प्रार्थनांच्या वेळी आत मनसोक्त फिरता येत नाही. लूव्र आणि ओर्से ही संग्रहालयं, आर्क द त्रिओंफ ही कमान, सेंत शापेल हे प्रार्थनास्थळ आणि व्हर्सायचा राजवाडा बंद. साक्रे करच्या पायऱ्यांशी मनगटात दोरा बांधून पैसे मागणारे गाठतात. हात खिशातच ठेवा आणि न थांबता पुढे चला.

सकाळची घाई इथे कामाची नाही. सूर्योदय ८.४५ च्या सुमाराला, सूर्यास्त पाचला थोडा कमी असताना. साडेनवाला निघालं तरी चालतं.

रस्त्यांवर ४०० हून अधिक मोफत स्वयंचलित स्वच्छतागृहं आहेत. प्रत्येक वापरानंतर ती आतून धुतली जातात. आधीचा माणूस बाहेर आला की त्याच दारातून घाईने आत शिरू नका. दार बंद होऊन धुणं पूर्ण होऊ द्या आणि हिरवा दिवा लागल्यावरच आत जा. रस्त्यावरच्या हिरव्या जुन्या कारंज्यांचं पाणी मात्र थंडीत बंद ठेवतात, बाटली खोलीतूनच भरून घ्या.

शाकाहारी लोकांची सोय पॅरिसमध्ये जास्त चांगली होते. गार द्यु नॉर रेल्वे स्टेशन आणि ला शापेल यांच्यामधल्या वस्तीत तमिळ खाणावळी आहेत, डोसा-इडली मिळते. मारे भागातल्या र्यू दे रोझिएवरचं फलाफलही छान. पण ती ज्यू लोकांची दुकानं शुक्रवारी सूर्यास्ताआधी बंद होतात आणि २०२६ चा २५ डिसेंबर शुक्रवारच आहे, तेव्हा दुपारच्या आतच जा. घरून ठेपले, खाकरा, चिवडा न्या. पेढे-बर्फी नेऊ नका, कारण भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात आणायला दोन्हीकडे बंदी आहे.

ज्येष्ठांबरोबर असाल तर एक सावधगिरी. पॅरिसच्या मेट्रोत जिने फार आणि बहुतेक जुन्या स्टेशनांत लिफ्ट नाही. नवी १४ क्रमांकाची लाइन याला अपवाद. आई-बाबांना घेऊन बसने फिरा: चढायला सोपी आणि खिडकीतून शहरही दिसतं.

मग ठरवायचं कसं?

लहान मुलं, वयस्कर माणसं किंवा शहरात पहिल्यांदाच जाणारे बरोबर असतील, तर २५ पॅरिसमध्येच काढा. लंडन आधी पाहिलेल्या, १३ किलोमीटर सहज चालणाऱ्या दोघा-तिघांनी लंडन निवडावं. त्यांना जी शांतता मिळेल ती पॅरिसमध्ये मिळणार नाही, कारण तिथे नाताळच्या दिवशीही नदीकाठ गजबजलेला असतो.

दुसऱ्या दिवसाचाही हिशोब करा. लंडनमध्ये २६ तारीखही सुटीची: ट्यूब आणि बस कमी प्रमाणात सुरू होतात, सेलसाठी दुकानं उघडतात, पण ब्रिटिश म्युझियम आणि नॅशनल गॅलरी २४ ते २६ सलग बंद असतात. पॅरिसमध्ये २६ ला सुटी नाही. त्या दिवशी मंगळवार नसेल तर लूव्र, सोमवार नसेल तर ओर्से उघडं.

दोन्ही शहरं करायची असतील तर आधी पॅरिस घ्या. पॅरिस-लंडन धावणारी युरोस्टार रेल्वे २५ ला बंद असते, म्हणून २६ च्या संध्याकाळचं किंवा २७ च्या सकाळचं तिकीट काढा. ब्रिटनचा व्हिसा फ्रान्ससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसापेक्षा वेगळा असल्याने दोन्ही अर्ज वेळेत करा.