प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायासाठी बारा पाठ: एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे परीक्षण

बायबलचे शेवटचे पुस्तक असलेल्या प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात दुसऱ्या वचनापासून सातव्या वचनापर्यंत 'हजार वर्षे' हे शब्द सहा वेळा येतात. ख्रिस्ताबरोबर चालणाऱ्या राज्याचा काळ हजार वर्षांचा म्हणून सांगितलेला संपूर्ण पवित्र शास्त्रात एवढाच एक उतारा आहे. या सहा वचनांवरून मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती विश्वासीजनांच्या समुदायात, दुसऱ्या शतकापासून मतभेद आहेत, आणि आजही दोन प्रामाणिक विश्वासी एकाच बाकावर बसून त्यांचे परस्परविरोधी अर्थ लावतात. मी स्वतः एकाच अर्थात वाढलो. प्रभू येईल, मग हजार वर्षे पृथ्वीवर राज्य करील, एवढे पाठ होते. ते तसेच का, हे कधी कोणी विचारू दिले नव्हते. म्हणून या विषयावरचा बारा पाठांचा ऑनलाइन अभ्यासक्रम हाती आला तेव्हा तो मी घाई न करता, प्रत्येक पाठ दोनदा ऐकून पूर्ण केला. त्याचे जे बरे वाटले आणि जे खटकले ते दोन्ही येथे नोंदवीत आहे.

अभ्यासक्रमाची मांडणी सरळ आहे. प्रत्येक पाठाची चाळीस ते पन्नास मिनिटांची चित्रफीत, सोबत वहीसारखी छापील कार्यपुस्तिका, आणि आठवड्यातून एकदा तासभराचे थेट चर्चासत्र. त्याचा सर्वांत मोठा गुण असा की यात एकच शिक्षक नाही. ख्रिस्ताचे आगमन हजार वर्षांच्या आधी होईल असे मानणारा (सहस्रवर्षपूर्ववादी), ते हजार वर्षांनंतर होईल असे मानणारा (सहस्रवर्षोत्तरवादी), आणि ही हजार वर्षे म्हणजे ख्रिस्ताच्या पहिल्या व दुसऱ्या आगमनामधला आत्ताचा काळच असे मानणारा (असहस्रवर्षवादी), असे तिघे आपापली बाजू स्वतः मांडतात. चौथा शिक्षक मंडळीचे आगमनापूर्वी वर उचलले जाणे, सात वर्षांचे महासंकट आणि इस्राएलाची वेगळी योजना या मताचा आहे. एरवी अशा वर्गांत एकच वक्ता स्वतःचे मत सविस्तर सांगतो आणि इतरांची मते इतकी दुबळी करून मांडतो की ती कोणी कधी का स्वीकारली असावीत हेच कळत नाही. येथे तसे होत नाही, आणि केवळ एवढ्यासाठीसुद्धा मी या अभ्यासक्रमाला चांगले म्हणेन.

तिसरा पाठ मला सर्वांत मोलाचा वाटला. कार्यपुस्तिकेच्या एका पानावर चौथे आणि पाचवे वचन ओळीखाली ओळ असे छापले आहे, प्रत्येक मराठी शब्दाखाली मूळ ग्रीक शब्दाचा उच्चार दिला आहे, आणि 'जिवंत झाले' या शब्दांखाली दोन्ही ठिकाणी 'एझेसान' हे एकच क्रियापद आहे. शिक्षक चित्रफीत थांबवायला सांगतात आणि दोन्ही शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढायला लावतात. मग प्रश्न येतो: चौथ्या वचनात साक्षीसाठी मारले गेलेले जिवंत झाले आणि पाचव्या वचनात बाकीचे मृत हजार वर्षे पूर्ण होईपर्यंत जिवंत झाले नाहीत, तर एकच शब्द पहिल्या ठिकाणी आत्मिक अर्थाने आणि दुसऱ्या ठिकाणी शारीरिक अर्थाने घेता येईल का? एकोणिसाव्या शतकातील इंग्रज भाष्यकार हेन्री आल्फर्ड यांचा युक्तिवाद हाच होता की असे घेतले तर भाषेला काही अर्थच उरत नाही. हा मुद्दा ऐकल्यावर प्रश्न मिटला असे वाटते. पण लगेच पुढच्या भागात दुसरे शिक्षक योहानाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय उघडतात. तेथे पंचविसाव्या वचनात मेलेले पुत्राची वाणी 'आताच' ऐकतात आणि जगतात, आणि अठ्ठाविसाव्या वचनात कबरांतले सर्व जण ती ऐकून बाहेर येतील असे म्हटले आहे. म्हणजे एकाच भाषणात, तीन वचनांच्या अंतराने, आधी आत्मिक आणि मग शारीरिक पुनरुत्थान आले आहे. मी त्या पानावर ओढलेल्या दोन रेघा अजून तशाच आहेत, आणि त्यांच्या शेजारी योहान पाच असे लिहून ठेवले आहे.

चौथा पाठही तितकाच दाट आहे. एकोणिसाव्या अध्यायात घोड्यावर बसलेला राजा राष्ट्रांना मारतो आणि पक्ष्यांना मेजवानीसाठी बोलावले जाते. विसाव्या अध्यायात हजार वर्षांनंतर सैतान पुन्हा राष्ट्रांना, गोग आणि मागोग यांना, फसवायला निघतो. जर राष्ट्रे आधीच संपली असतील तर फसवली जाणारी राष्ट्रे कोणती? पक्ष्यांची मेजवानी आणि गोग ही दोन्ही चित्रे यहेज्केलाच्या अडतिसाव्या व एकोणचाळिसाव्या अध्यायांतून आलेली आहेत, म्हणून असहस्रवर्षवादी शिक्षक म्हणतात की विसावा अध्याय हा एकोणिसाव्याच्या पुढचा काळ नसून त्याच युद्धाचे दुसऱ्या बाजूने केलेले वर्णन आहे. यावर सहस्रवर्षपूर्ववादी शिक्षकाचे उत्तरही भक्कम आहे: विसाव्या अध्यायाच्या दहाव्या वचनात सैतान ज्या अग्निसरोवरात टाकला जातो, तेथे श्वापद आणि खोटा संदेष्टा आधीच आहेत, आणि ते तेथे एकोणिसाव्या अध्यायाच्या शेवटी गेले आहेत. क्रम असा सरळ लागत असताना तो मोडायचे कारण काय, हा त्यांचा प्रश्न मला टाळता आला नाही. दोन्ही शिक्षकांनी स्वतःच्या मताची अवघड जागाही लपवली नाही. एकाने मान्य केले की यहेज्केलाच्या शेवटच्या नऊ अध्यायांतील मंदिर आणि तेथील यज्ञ, इब्रीकरांच्या पत्रातील 'एकदाच' या शब्दासमोर ठेवले की अडचणीचे होतात. दुसऱ्याने मान्य केले की यशयाच्या पासष्टाव्या अध्यायात शंभराव्या वर्षी मरणारा माणूस येतो, आणि नव्या आकाशात व नव्या पृथ्वीत मरण कोठून आले याचे उत्तर सोपे नाही.

सहस्रवर्षोत्तर मताला एकच पाठ मिळाला आहे आणि तो घाईचा आहे. मोहरीचा दाणा व खमीर हे येशूचे दाखले, आणि ख्रिस्त सर्व शत्रू पायांखाली ठेवीपर्यंत राज्य करील हे करिंथकरांस पहिल्या पत्रातील वचन यांचा उल्लेख होतो. अठराव्या शतकात जोनाथन एडवर्ड्स यांच्यासारख्या उपदेशकांनी सुवार्तेच्या प्रसारातून हजार वर्षांचा सुकाळ येईल अशी आशा धरली होती, हेही सांगितले जाते. पण त्या आशेने पुढे मिशन चळवळीला किती बळ दिले आणि १९१४ ते १९१८ च्या महायुद्धानंतर ती कशी ओसरली, यावर अजून वीस मिनिटे द्यायला हवी होती.

सातवा आणि आठवा पाठ चौथ्या शिक्षकाच्या मताचे प्रवर्तक जॉन नेल्सन डार्बी यांच्यापासून सुरू होतो. १८३० च्या दशकात त्यांनी इस्राएल आणि मंडळी यांना देवाच्या दोन वेगळ्या योजना मानण्याचा जो सिद्धांत मांडला, तो १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कोफील्ड यांच्या टिपांच्या बायबलातून सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचला. शास्त्राच्या वचनाखालीच टीप छापलेली असल्यामुळे अनेकांना टीप आणि वचन यांत फरक करता आला नाही, हे शिक्षकांचे निरीक्षण मला माझ्या घरातल्या जुन्या बायबलावरून पटले. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रातील 'अंतराळात प्रभूला भेटण्यासाठी' या शब्दांवर त्यांनी जो वेळ दिला तोही योग्य होता. भेटण्यासाठी वापरलेला 'अपान्तेसिस' हा शब्द नव्या करारात आणखी दोन ठिकाणी येतो. दहा कुमारींच्या दाखल्यात कुमारी वराला भेटायला बाहेर जातात, आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या शेवटच्या अध्यायात रोमचे बंधू पौलाला वाटेत भेटून त्याच्यासोबत नगरात परततात. वर गेलेले विश्वासी स्वर्गात सात वर्षे राहतात की राजाला घेऊन परततात, हा सगळा प्रश्न या एका शब्दाभोवती फिरतो. पण येथे एक गंभीर चूक आहे. कार्यपुस्तिकेत 'सहस्रवर्षपूर्व मत' म्हणून डार्बींचे मत आणि दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती लेखकांचे मत एकाच रकान्यात टाकले आहे. पापियास, जस्टिन आणि आयरेनियस पृथ्वीवरच्या राज्याची वाट पाहत होते हे खरे, पण मंडळी महासंकटाआधी गुप्तपणे उचलली जाईल असे त्यांनी शिकवले नाही. विसाव्या शतकात नव्या कराराचे अमेरिकन अभ्यासक जॉर्ज एल्डन लॅड यांनी हा फरक पुन्हा ठळक केला. पहिल्या पाठात पहिले मत मांडणारे शिक्षक स्वतः लॅड यांच्याच वाटेने जातात, तरी पुस्तिकेचा रकाना त्यांना डार्बींच्या बाजूला बसवतो.

इतिहासाचा पाचवा पाठ सर्वांत कमकुवत आहे. त्यात सांगितले आहे की ४३१ च्या इफिसच्या परिषदेने हजार वर्षांच्या राज्याची शिकवण पाखंड ठरवली. हा दावा अनेक ठिकाणी ऐकू येतो, पण त्या परिषदेच्या नियमांत असा कोणताही निर्णय नाही. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या मतांगीकारातील, म्हणजे विश्वासाच्या जाहीर विधानातील, 'ज्याच्या राज्याला अंत नाही' हे शब्दसुद्धा पाठात हजार वर्षांच्या विरुद्ध म्हणून दिले आहेत. ते मुख्यतः अँकिराचा बिशप मार्सेलस याच्या मताला उत्तर म्हणून घातले गेले होते, आणि त्याचे म्हणणे पुत्राचे राज्य शेवटी संपेल असे होते. चौथ्या-पाचव्या शतकातील धर्मगुरू ऑगस्टीनच्या बाबतीत मात्र पाठ प्रामाणिक आहे. 'देवाचे नगर' या ग्रंथाच्या विसाव्या भागात ऑगस्टीन म्हणतो की आपणही एके काळी हजार वर्षांच्या शब्बाथाचे मत धरले होते, आणि संतांचे ते सुख आत्मिक असते तर ते मत सहन करण्याजोगे होते. ज्या लेखणीने मंडळीला या मतापासून दूर नेले त्याच लेखणीने त्याच्याविषयी इतके सौम्य लिहिले आहे, हे वाचून मला बरे वाटले.

या सौम्यपणाची उणीव चर्चासत्रांत जाणवली. सहाव्या आठवड्याच्या सत्रात एका सहभागी ताईंनी विचारले की विसाव्या अध्यायातील सैतानाला हजार वर्षे बांधणे म्हणजे मत्तयाच्या बाराव्या अध्यायातील बलवान मनुष्याला बांधणेच असू शकेल का. सत्र चालवणाऱ्या बंधूंनी उत्तर देण्याऐवजी त्यांना विचारले, "ताई, तुमचा शास्त्राच्या शब्दावर विश्वास आहे ना?" ताई पुढे बोलल्या नाहीत, आणि त्यानंतरच्या कोणत्याही सत्रात त्या दिसल्या नाहीत. मी नंतर आयोजकांना लिहून कळवले. पोच आली, पण पुढच्या सत्रातही तेच बंधू होते. मला याचे दुःख अधिक वाटते, कारण त्याच अभ्यासक्रमाच्या पाचव्या पाठात जस्टिनचा उतारा दिला आहे. त्यात तो ट्रिफो या यहूदी संवादकाला सांगतो की मी आणि इतर अनेक जण यरुशलेमेतील हजार वर्षांची अपेक्षा करतो, पण शुद्ध आणि धार्मिक विश्वासाचे, खरे ख्रिस्ती असलेले पुष्कळ लोक वेगळे मानतात. दुसऱ्या शतकाच्या मध्यास, ज्याने या विश्वासासाठी पुढे प्राण दिले त्याने जे म्हटले, ते सत्र चालवणाऱ्याला म्हणता येऊ नये याला कारण नाही.

सेवेच्या दृष्टीने सांगायचे तर चित्रफिती स्वच्छ आहेत, ग्रीक शब्दांचे उच्चार सुसंगत दिले आहेत, आणि प्रत्येक पाठाअखेरचे प्रश्न पाठांतराचे नसून वाचनाचे आहेत. कार्यपुस्तिकेच्या शेवटी घडी घातलेला एक मोठा काळतक्ता आहे. तो सुबक आहे, परंतु त्यात दानीएलाच्या नवव्या अध्यायातील एकोणसत्तराव्या आणि सत्तराव्या सप्तकांमध्ये (सप्तक म्हणजे सात वर्षांचा गट) मंडळीचा सगळा काळ मधल्या जागेत घातला आहे, म्हणजे तो चारपैकी एकाच मताचा तक्ता आहे. चार मते शिकवणाऱ्या पुस्तिकेत तक्तेही चार हवेत. मी तो तक्ता काढून वेगळा ठेवला आहे, कारण भिंतीवर लावलेले चित्र कानांनी ऐकलेल्या युक्तिवादापेक्षा जास्त काळ टिकते, आणि लहानपणी माझ्याबरोबर नेमके तेच झाले होते.

ज्यांना एखाद्या वर्षाची तारीख हवी आहे त्यांनी हा अभ्यासक्रम घेऊ नये. अमेरिकन उपदेशक विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी ख्रिस्ताच्या आगमनासाठी २२ ऑक्टोबर १८४४ ची वाट पाहिली त्यावरचा छोटा भाग त्यांना आवडणार नाही. ज्यांना पाळक किंवा शिक्षक म्हणून हा विषय मंडळीसमोर मांडायचा आहे, त्यांनी तो जरूर घ्यावा, पाचवा पाठ मात्र दुसऱ्या साधनांशी पडताळून पाहावा, आणि चर्चासत्राऐवजी आपल्याच दोन-तीन ओळखीच्या विश्वासी जनांबरोबर प्रश्न सोडवावेत.

बाराव्या पाठाच्या शेवटी, समारोपाच्या गडबडीत, फक्त दहा मिनिटे चौथ्या वचनाच्या पूर्वार्धाला दिली आहेत. तेथे शिरच्छेद झालेल्यांसाठी वापरलेला ग्रीक शब्द कुऱ्हाडीवरून आलेला आहे, आणि योहान हे पात्म बेटावरून, देवाच्या वचनासाठी तेथे असताना, ज्यांच्या ओळखीची माणसे मारली गेली होती त्या मंडळ्यांना लिहितो आहे. हजार वर्षे केव्हा, हे विचारण्याआधी त्या पहिल्या वाचकांना आसनांवर बसलेले कोण दिसले असतील, हे शिक्षकांनी विचारले आणि वेळ संपली. पुढच्या आवृत्तीत हा भाग पहिल्या पाठात आणावा, अशी माझी आयोजकांना विनंती आहे. मी स्वतः आता तो सर्वांत आधी ऐकून मग तिसऱ्या पाठाच्या त्या पानाकडे वळतो.