क्लेपची जर्मन परीक्षा: नाशिकला शिकलेली भाषा आणि अमेरिकेत मिळालेले सहा श्रेयांक

माझे वडील सातपूरच्या बॉश कारखान्यात नोकरीला होते. जुने नाशिककर त्या कारखान्याला अजूनही मायकोच म्हणतात. घरी कधीमधी जर्मन भाषेतली यंत्रांची माहितीपत्रके येत आणि त्यांतले लांबलचक शब्द लावून वाचण्याच्या नादातूनच मी अकरावीला दुसरी भाषा म्हणून जर्मन घेतली. पुढे सिन्नर, संगमनेर, नारायणगाव असा एसटीचा प्रवास करत पुण्याच्या मॅक्समुल्लर भवनात, म्हणजे जर्मनीच्या गोएथे इन्स्टिट्यूटच्या इथल्या शाखेत, ए१ ते सी२ या पातळ्यांपैकी बी२ पर्यंतच्या परीक्षा दिल्या. लग्नानंतर काही वर्षे अमेरिकेत राहण्याचा योग आला, तेव्हा तिथल्या एका महाविद्यालयात मी पदवीसाठी प्रवेश घेतला आणि पहिल्याच भेटीत कळले की परदेशी भाषेची दोन सत्रे तिथे सक्तीची आहेत. जी भाषा येते तिच्या मुळाक्षरांपासून पुन्हा सुरुवात करायची आणि त्यासाठी फीही भरायची, हे मनाला पटेना. तिथल्या एका ग्रंथपालबाईंनी क्लेपचे नाव सुचवले. आता मी नाशिकला परतले आहे, कॉलेज रोडला जर्मन शिकवते आणि बारावीनंतर अमेरिकेला निघालेली मुले दरवर्षी या परीक्षेविषयी विचारतात. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

क्लेप ही कॉलेज बोर्ड या अमेरिकी परीक्षामंडळाची परीक्षापद्धती १९६७ पासून चालू आहे. वर्गात न बसता मिळवलेल्या ज्ञानाला महाविद्यालयाचे श्रेयांक (क्रेडिट) मिळावेत, हा तिचा उद्देश. एकूण ३४ विषयांपैकी परदेशी भाषा तीनच आहेत, त्या म्हणजे फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिश. मराठी नाही, हिंदी नाही आणि आपल्याकडे अलीकडे पुष्कळ मुले शिकतात ती जपानीही नाही. जपानी शिकलेल्यांसाठी त्याच मंडळाची एपी (अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट) परीक्षा आहे, पण ती वर्षातून एकदाच, मे महिन्यात होते. क्लेपची वेळ मात्र परीक्षाकेंद्राच्या सोयीने केव्हाही ठरवता येते. परीक्षेचे शुल्क शंभर डॉलरच्या आत आहे आणि केंद्र स्वतःचे थोडे शुल्क वेगळे घेते. सहा श्रेयांकांच्या वर्गांची फी ज्याने पाहिली आहे त्याला ही रक्कम किरकोळच वाटेल.

परीक्षा संगणकावर, सुमारे दीड तासाची. गुणांतला ४० टक्के भाग ऐकण्याचा आणि ६० टक्के वाचनाचा आहे. ऐकण्याचा पहिला भाग मला सर्वांत अवघड गेला, कारण त्यात एक छोटा संवाद कानावर पडतो आणि त्याला साजेसे उत्तर निवडायचे असते, पण संवाद किंवा उत्तराचे चारही पर्याय पडद्यावर लिहून येत नाहीत. सारे ऐकूनच ध्यानात ठेवायचे आणि लगेच ठरवायचे. आपल्याकडच्या शिकवणीत भाषा डोळ्यांनी शिकवली जाते. वही, फळा, छापील धडा. कानाची तयारी जवळजवळ होतच नाही आणि ती उणीव या भागात उघडी पडते. मी परीक्षेआधी दोन महिने डॉइचे वेलेवरच्या सावकाश वाचलेल्या बातम्या रोज ऐकल्या, त्याचा फार उपयोग झाला.

वाचनाच्या भागात सुटी वाक्ये, मग गाळलेल्या जागा असलेले लहान उतारे आणि शेवटी मोठे उतारे, जाहिराती, सूचनाफलक असे साहित्य असते. यातल्या गाळलेल्या जागांविषयी मला थोडे अधिक लिहावेसे वाटते, कारण मराठी माणसाचे बळ आणि दुबळेपण दोन्ही तिथेच दिसतात. आपल्याला तीन लिंगांची सवय जन्मापासून असते, त्यामुळे देअर, दी, दास पाहून इंग्रजीच्या वाटेने आलेला विद्यार्थी जितका बावरतो तितके आपण बावरत नाही. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाते हेही आपल्याला उपरे वाटत नाही. पण लिंगे जुळतातच असे नाही. आपला सूर्य पुल्लिंगी, तर जर्मनांची झोने स्त्रीलिंगी; आपली मुलगी स्त्रीलिंगी, तर मेडशेन नपुंसकलिंगी. खरी अडचण त्याहून पुढे आहे. पुस्तक टेबलावर ठेवले काय आणि पुस्तक टेबलावर आहे काय, मराठीत दोन्हीकडे ‘टेबलावर’ हे एकच रूप चालते. जर्मनमध्ये ठेवताना आउफ डेन टिश आणि असताना आउफ डेम टिश. हालचाल आहे की स्थिती आहे हे विभक्तीने दाखवावे लागते आणि या परीक्षेतल्या गाळलेल्या जागा नेमक्या अशाच ठिकाणी असतात. माझ्या हातून दोन-तीन प्रश्न इथेच चुकले असावेत. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना भाषा कुठे अडते हे उत्तम कळते, एवढे मी आदराने सांगेन. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडून देऊ नये.

शेवटचे बटण दाबले की गुण त्याच क्षणी पडद्यावर येतात. २० ते ८० अशी मोजपट्टी असते. मला ६४ मिळाले. अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन या तिथल्या महाविद्यालयांच्या संघटनेची शिफारस अशी की जर्मनमध्ये ५० गुणांना पहिल्या पातळीचे ६ आणि ६० गुणांना दुसऱ्या पातळीचे ९ श्रेयांक द्यावेत. मी आनंदाने घरी गेले. तीन आठवड्यांनी माझ्या गुणपत्रकावर ६ च श्रेयांक नोंदले गेले, कारण आमचे महाविद्यालय या परीक्षेवर पहिल्या वर्षापुरतेच श्रेयांक देत असे. नियम त्यांच्या पुस्तिकेत छापलेला होता, पण सल्ला देणाऱ्यांपैकी कोणी तो सांगितला नाही आणि मीही विचारला नाही. कौन्सिलची ती शिफारस आहे, आज्ञा नव्हे; किती गुणांना किती श्रेयांक द्यायचे, द्यायचे की नाही, हे प्रत्येक महाविद्यालय स्वतः ठरवते. काही ठिकाणी त्याच भाषेच्या वरच्या वर्गात आधीच नाव घातलेले असेल तर परीक्षेचे श्रेयांक मिळत नाहीत.

आणखी एका गोष्टीत आपल्या मुलांची गल्लत होते. माझे शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात झाले असल्याने महाविद्यालयाने मला भाषेच्या सक्तीतून सूट देऊ केली होती. सूट म्हणजे तो विषय घ्यावा लागत नाही, पण पदवीसाठी लागणाऱ्या एकूण श्रेयांकांत त्यामुळे एकाचीही भर पडत नाही. ती जागा दुसरा विषय घेऊन, फी भरून, भरावीच लागते. परीक्षेने सक्तीही पूर्ण होते आणि श्रेयांकही मिळतात. मी म्हणूनच सूट नाकारून परीक्षा दिली आणि तो निर्णय योग्य ठरला. या श्रेयांकांना श्रेणी नसते, त्यामुळे सरासरी वाढत नाही तशी घटतही नाही.

परीक्षेची माझ्या लेखी मोठी उणीव एकच आहे. जर्मनच्या परीक्षेत बोलावे लागत नाही आणि एक ओळसुद्धा लिहावी लागत नाही. गोएथे इन्स्टिट्यूटच्या बी१ परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार भाग असतात आणि प्रत्येकात शंभरपैकी ६० गुण मिळवावेच लागतात; पुण्यात परीक्षकांसमोर बसून सहलीचे नियोजन करताना माझे हात थरथरत होते ते मला आजही आठवते. तसे काहीच इथे होत नाही. जी मुलगी उत्तम बोलते पण वाचनात मंद आहे तिच्यावर ही परीक्षा अन्याय करते आणि ज्याने वर्षानुवर्षे तोंड न उघडता व्याकरण घोकले त्याला ती सहज पावते. तरीही त्या महाविद्यालयात माझ्या पुण्याच्या प्रमाणपत्राला एकही श्रेयांक मिळाला नाही आणि दीड तासाच्या क्लेपला सहा मिळाले, हे वास्तव आहे.

इथेच शिकणारी मुले विचारतात की आपल्याकडे असे काही आहे का. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर श्रेयांकांची बँक आली, २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात ३० तासांच्या अभ्यासाला एक श्रेयांक असे माप ठरले आणि आधी मिळवलेले शिक्षण जमेस धरण्याची तरतूदही त्यात आहे. माझ्या एका विद्यार्थिनीने आपले बी१ प्रमाणपत्र घेऊन महाविद्यालयाच्या कार्यालयात विचारणा केली, तेव्हा मात्र तिला अर्जाचा नमुनाही मिळाला नाही. बी१ पर्यंत पोचायला तिला शेकडो तास लागले होते. तिचे नाराज होणे मला अगदी रास्त वाटते.

येत्या ऑगस्टमध्ये माझ्या वर्गातल्या दोघी जणी अमेरिकेला निघाल्या आहेत. दोघींनाही मी आपापल्या महाविद्यालयाच्या निबंधक कार्यालयाला आधी ईमेल करून विचारायला लावले आहे: क्लेप जर्मनला किती गुणांवर किती श्रेयांक, दुसरी पातळी धरता की नाही आणि ते भाषेच्या सक्तीत जमा होतात की नुसते ऐच्छिक म्हणून. एकीला उत्तर आले आहे, नऊ श्रेयांक मिळतील. दुसरीला सहा. परीक्षा पुन्हा द्यायची तर मध्ये तीन महिने थांबावे लागते, म्हणून पहिल्याच खेपेला साठच्या वर जायचे असे पहिलीने ठरवले आहे आणि सध्या ती रोज सकाळी अर्धा तास फक्त ऐकण्याचा सराव करते.