उसाच्या रानाची पर्यावरणीय कार्यक्षमता: डीईए घ्यावी की एसएफए?

तेवढाच ऊस काढून खत, पाणी किती कमी चालेल, हे मोजायच्या दोन पद्धती आहेत: डीईए (डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिस) प्रत्येकाला नमुन्यातल्या सगळ्यात सरस शेतकऱ्यांशी ताडून बघते, आणि एसएफए (स्टोकॅस्टिक फ्रंटियर अ‍ॅनालिसिस) संख्याशास्त्रानं उत्पादनाचं समीकरण बसवते. पद्धत ठरवण्याआधी आपल्या वहीतले आकडे कुठून आलेत ते बघा. कारखान्याच्या काट्याची स्लिप, खताच्या दुकानातली पावती आणि "मोटार रोज सहा-सात तास चालायची बघा" हे तोंडी उत्तर, या तिघांचे आपण एकाच तक्त्यात तीन रकाने करतो. एकदा संगणकात गेले की तिन्ही सारखेच खरे दिसायला लागतात. माझा सगळा निर्णय शेवटी या एका गोष्टीवर झाला, म्हणून ती आधी सांगितली.

वाळवा तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या साठेक ऊस उत्पादकांवर मी दोन्ही पद्धती चालवून पाहिल्या. प्रश्न एकच होता: टनेज आहे तेवढं राखून कोण किती नत्र कमी टाकू शकतो? पुढं सीमारेषा हा शब्द येईल. आहे त्या खत-पाण्यात जास्तीत जास्त किती पिकू शकतं, त्याची ती हद्द. तिच्यापासून कोण किती दूर, त्यावरून दोन्ही पद्धती कार्यक्षमता ठरवतात.

डीईएची बाजू भक्कम आहे. चार्न्स, कूपर आणि रोड्स यांनी 1978 मध्ये ती मांडली, तेव्हापासून तिचं मुख्य बळ तेच राहिलं आहे: उत्पादनाच्या सूत्राचा आकार तुम्हाला आधी गृहीत धरावा लागत नाही. प्रदूषणही तिच्यात सहज बसतं. 1989 मध्ये फारे, ग्रॉसकॉफ, लोव्हेल आणि पासुर्का यांनी अमेरिकेतल्या कागद गिरण्यांवर काम करताना नको असलेलं उत्पादन वेगळं धरण्याची रीत दाखवली. ते कमी करायचं तर काहीतरी किंमत मोजावी लागते, हे गृहीतक त्यात आहे, आणि गिरणीच्या सांडपाण्याला ते चपखल लागू पडतं. उसाच्या रानात मी इतकं खोलात गेलो नाही. टाकलेल्या नत्रातून तुटलेल्या उसाबरोबर गेलेला नत्र वजा केला, आणि उरलेला निविष्ठेसारखा, म्हणजे खत-पाण्यासारखा रानात घातलेला धरून कमीत कमी किती चालेल ते काढलं. एका दुपारचं काम.

शेतकऱ्याला आवडते तीही डीईएच. "तुमची कार्यक्षमता 71 टक्के" असं सांगितलं तर माणूस मान हलवतो आणि विषय बदलतो. डीईए त्याच्यापुढं नाव ठेवते: तुमच्यासारखंच रान, तेवढंच पाणी, तेवढाच ऊस, आणि युरिया मात्र अमक्याचा कमी. मग तो विचारतो, "कधी जायचं बघायला?" हा गुण एसएफएत नाही, आणि त्याची उणीव मला आजही जाणवते.

आम्ही तसे बघायला गेलोही. माझ्या निकालात एक शेतकरी निम्म्याहून जास्त जणांचा आदर्श म्हणून आला होता. एकरी 78 टन, आणि युरियाच्या फक्त तीन गोण्या. 45 किलोची गोणी म्हणजे 20.7 किलो नत्र, म्हणजे तीन गोण्यांचा 62 किलो. आडसाली, म्हणजे पावसाळ्यात लावलेल्या दीड वर्षाच्या उसाला शिफारस हेक्टरी 400 किलो नत्राची, एकरी 160 धरा. आकडा फारच कमी होता, पण त्यानं लागणीआधी ताग गाडला होता आणि रान काळं, कसदार होतं, म्हणून मी तो पटवून घेतला. मोठ्या बांधणीच्या सुमाराला पाच जणांना घेऊन त्याच्या बांधावर गेलो. ऊस खरोखर देखणा होता. एकानं सरळ विचारलं, "दादा, तीन गोण्यांत कसं भागवलंसा?" तो गोंधळून माझ्याकडं बघायला लागला.

"तीन कुठल्या? बाकीच्या धाकट्याच्या नावावर हायत की. माझा अंगठा मशीन घेईना, म्हणून त्याचा लावला."

अनुदानाचं खत दुकानातल्या पॉस मशीनवर अंगठा लावून मिळतं, ज्याचा अंगठा उठला त्याच्या नावानं पावती फाटते. मातीत काम करून रेषा झिजलेल्या हातांचा अंगठा बऱ्याचदा उठत नाही. यात त्याची काहीच चूक नव्हती. नोंद मी घेतली होती आणि पावती बघून घेतली होती. पण त्या एका पावतीनं तीसेक शेतकऱ्यांना मी सांगितलं होतं की तुमचा निम्मा युरिया वाया जातो.

डीईएची अडचण मला तिथं बांधावर उभं राहून कळली. पुस्तकात ती एका ओळीत असते: ही पद्धत आकड्यातली चूक वेगळी काढत नाही. व्यवहारात त्याचा अर्थ असा, की ज्याचा आकडा सगळ्यात चुकलेला तोच पहिल्या नंबरवर जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त, आणि तिथं गेला की तो बाकीच्यांची मोजपट्टी होतो. त्याला वगळून गणित पुन्हा केलं. त्याच्या जागी दुसरा आला. त्याची विहीर भावाभावांत सामाईक, मोटारीचे तास त्यानं फक्त आपल्या पाळीचे सांगितलेले. त्यालाही वगळलं, तिसरा आला. सिमर आणि विल्सन यांची 1998 ची बूटस्ट्रॅपची रीतही लावली, म्हणजे त्याच आकड्यांतून पुन्हा पुन्हा नमुने काढून गुण तपासले. गुण थोडे खाली आले, त्यांना पल्ला मिळाला. पण नमुना लहान असल्यामुळं येणारा कल ती सावरते, चुकलेली पावती दुरुस्त करत नाही.

एसएफए इथं वेगळी वागते. 1977 मध्ये दोन निबंधांत ती स्वतंत्रपणे आली, एक एग्नर, लोव्हेल आणि श्मिट यांचा, दुसरा म्यूसेन आणि व्हान डेन ब्रुक यांचा. दोन्हींत कल्पना तीच: सीमारेषेपासूनच्या अंतराचे दोन भाग करा, एक नशिबाचा आणि नोंदीतल्या गडबडीचा, दुसरा खऱ्या अकार्यक्षमतेचा. काटेकोर बोलायचं तर गडबडीचा भाग उत्पादनाच्या बाजूला असतो, त्यामुळं खताच्या नोंदीतली चूक एसएफए पूर्ण पचवते असं म्हणता येणार नाही. पण साठ जणांत एक चुकला तर रेषा थोडी हलते, तो एकटा सगळ्यांची मोजपट्टी होत नाही. मला तेवढं पुरलं.

यात महापुराचाही वाटा आहे. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या पुढं गेलं, धोका पातळी 45 फूट. नदीकडचा ऊस दिवसेंदिवस पाण्याखाली होता. त्या हंगामाचे आकडे डीईएला दिले की नदीकाठचा कष्टाळू माणूस थेट निकम्मा ठरतो. एसएफएतही पूर आपोआप निस्तरत नाही, बुडीत रानाला वेगळा दर्शक (बुडालं की नाही, असा एक रकाना) द्यावाच लागतो. पण तो दर्शक, खोडवा की लागण, जमीन क्षारपड आहे का, हे सगळं एकाच समीकरणात घालता येतं आणि कशाचा परिणाम खरा ते तपासताही येतं. आपल्यासारख्या भागातलं उदाहरण हवं असेल तर कोएली आणि बॅटीसे यांचं 1996 चं काम बघा. त्यांनी इक्रिसॅट या हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेनं वर्षानुवर्षं नोंदी घेतलेली तीन गावं घेतली होती: तेलंगणातलं औरेपल्ली, अकोल्याकडचं कानझरा आणि सोलापूर जिल्ह्यातलं शिरापूर. घरोघर विचारून घेतलेल्या आकड्यांवर ही पद्धत चालते याचा तो चांगला दाखला.

दोन्ही पद्धतींत किती फरक पडतो? रेनहार्ड, लोव्हेल आणि थायसन यांनी 2000 मध्ये नेदरलँड्सच्या दूध उत्पादकांवर नत्र, स्फुरद आणि ऊर्जा धरून दोन्ही पद्धती चालवल्या. सरासरी पर्यावरणीय कार्यक्षमता एसएफएनं 80 टक्के आली, डीईएनं 52. गोठे तेच, नोंदी त्याच. म्हणजे एक पद्धत सांगते पाचवा हिस्सा कमी करता येईल, दुसरी सांगते जवळपास निम्मा. निम्मा युरिया कमी करा असं सांगून एखाद्याचं टनेज खाली आलं तर त्याच्या बांधावर मला पुन्हा पाय ठेवता येणार नाही. माझ्या साठ जणांतही तफावत याच दिशेची होती.

एसएफए सोपी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. समीकरणाला कॉब-डग्लस हा साधा, ठरीव आकार घेतला तर पर्यावरणीय आणि तांत्रिक कार्यक्षमतेचा क्रम तंतोतंत एकच येतो, मग वेगळं मोजून उपयोग काय? म्हणून ट्रान्सलॉग हा जास्त लवचीक आकार घ्यावा लागतो, आणि चार निविष्ठांना तिथं 15 गुणक लागतात. साठ शेतकऱ्यांच्या एका हंगामात ते ताणलं जातं. पहिल्या वर्षी माझी विषमता (सीमारेषेपासूनच्या अंतरांचा झुकाव) उलट्या बाजूला आली आणि सगळेच शंभर टक्के कार्यक्षम निघाले. दुसऱ्या हंगामाचे आकडे जोडल्यावर गाडी रुळावर आली. शिवाय काही रानांत नत्राचा परिणाम ऋण येतो, म्हणजे युरिया वाढवला की ऊस घटतो. तिथं सूत्र चालतच नाही. वर सांगितलेल्या डच अभ्यासातही स्फुरद धरल्यावर एसएफए अशीच अडली, डीईएनं मात्र गुण दिले. पण मला तो अडथळा उपयोगाचा वाटला. ज्या रानांत सूत्र अडलं त्यांच्या मालकांना मी गुण दिलेच नाहीत. एवढंच सांगितलं, "तुमच्या इथं पुढची गोणी ऊस वाढवत नाही." ते त्यांना लगेच पटलं.

तुमच्याकडं दहा-बारा साखर कारखाने असतील, वीज, वाफ आणि सांडपाणी मीटरवर मोजलेलं असेल, तर डीईएच घ्या. एवढ्या थोड्या घटकांवर एसएफए उभी राहणार नाही, आणि तिथले आकडे सांगोवांगी नसतात. निविष्ठा आणि उत्पादनं मिळून जेवढी, त्याच्या तिप्पट तरी घटक असावेत हा ठोकताळा पाळा. शेतकऱ्यांवर काम असेल, पाणी आणि ऊर्जा विचारून लिहिलेली असेल (आपल्याकडच्या कितीतरी शेतीपंपांना मीटरच नाही), तर दोन हंगाम थांबा आणि एसएफए करा, असं मला वाटतं. मी अजूनही आधी डीईए चालवतो, ती वेगळ्या कामासाठी. जे सीमारेषेवर येतात त्यांची घरं आधी गाठतो, त्यांच्या आणि भावांच्या सातबाऱ्यावरची रानं एकत्र लिहितो, सगळ्यांच्या पावत्या एका ढिगात मांडतो आणि गोण्या पुन्हा मोजतो.